विकृत व क्षत नाण्यांची परीक्षा : अहमदनगर परिसरातील नाण्यांच्या आधारे काही विचार

१. विषयाची मर्यादा

नाणे हे इतिहासाचे साधन आहे, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की, त्यातील एका अडचणीकडे सहसा लक्ष जात नाही. अभ्यासकाच्या हाती येणारे नाणे टांकसाळीतून निघाले त्या स्थितीत क्वचितच असते. ते झिजलेले असते, मातीने खाल्लेले असते, कोणी सराफाने त्यावर छाप मारलेला असतो, सोनाराने त्यास भोक पाडलेले असते, एखाद्या नव्या राजाने त्यावर आपला ठसा उमटविलेला असतो, अथवा किंमत वाढावी म्हणून अलीकडे कोणी त्याची अक्षरे कोरून काढलेली असतात. या सर्वांस व्यवहारात 'बिघडलेले नाणे' असे एकच नाव मिळते. वस्तुतः या अवस्था भिन्न आहेत. त्यांतील काहींमुळे नाण्याचे मोल कमी होते, काहींमुळे ते वाढते, आणि एका प्रकारात नाणे पुरावा म्हणून सर्वस्वी निरुपयोगी ठरते.

या अवस्था परस्परांपासून ओळखाव्या कशा आणि ओळखल्यावर त्यांचे मूल्य कसे ठरवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणे शक्यतो अहमदनगर जिल्हा व त्यालगतचे गोदावरीचे खोरे यांतून घेतली आहेत. २०२४ साली या जिल्ह्यास अहिल्यानगर हे नाव मिळाले. परंतु टांकसाळीचे नाव नाण्यांवर 'अहमदनगर' असेच असल्याने नाण्यांच्या संदर्भात तेच वापरणे प्राप्त आहे.

हा परिसर या अभ्यासास सोयीचा आहे. प्रवरेच्या काठी नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले व त्याचा वृत्तान्त १९६० साली प्रसिद्ध झाला. त्या उत्खननात सातवाहनकालीन नाणी थरांतून मिळाली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमदाने वसविलेल्या अहमदनगर शहरी पुढे निजामशाहीची तांब्याची नाणी पडली. १६०० साली किल्ला मोगलांच्या हाती गेल्यावर येथूनच मोगल बादशहांचे रुपये निघू लागले. त्यानंतर पेशवाईतील अंकुशी, चांदोरी इत्यादी रुपये व शिवराई, आणि १८३५ नंतर कंपनी सरकारचा एकछापी रुपया, अशी दोन हजार वर्षांची नाणी या एका भूभागात एकामागून एक चाललेली आहेत.

२. राजाने केलेला फेरफार

नाण्यातील फेरफाराचे सर्वांत बोलके उदाहरण अहमदनगरच्या शेजारी, नाशिक जिल्ह्यात मिळाले. १९०६ साली गोदावरीकाठच्या जोगलटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात सुमारे १३,२५० नाणी होती. ती सर्व क्षहरात वंशीय क्षत्रप नहपान याची होती. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांचे परीक्षण करून मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. या नाण्यांपैकी ९,२०० हून अधिक, म्हणजे शेकडा सुमारे सत्तर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा मारलेले होते.

नहपानाचे मूळ नाणे दीड सेंटिमीटरच्या आसपास व्यासाचे, दोन ते सव्वादोन ग्रॅम वजनाचे. एका बाजूस राजाचे मुख व भोवती अपभ्रष्ट ग्रीक अक्षरे. दुसरीकडे बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींत राजाचे नाव. त्यावर सातकर्णीच्या कारागिरांनी एका बाजूस तीन कमानींचा पर्वत व खाली नागमोडी रेघ आणि भोवती 'रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस' हा लेख, तर दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह उमटविले. नवा ठसा मारताना जुना पुरता पुसण्याची काळजी घेतलेली नाही. पर्वताच्या कमानींआडून नहपानाचे नाक व ओठ डोकावतात. उज्जैन चिन्हाच्या वर्तुळांमध्ये वज्राचे टोक राहून गेलेले दिसते.

केवळ सुबक नाणी जमविणाऱ्यास हे नाणे विद्रूप वाटेल. दोन्ही चित्रे अपुरी, दोन्ही लेख तुटक. परंतु इतिहासाच्या दृष्टीने हे विद्रूप नाणेच अधिक मोलाचे आहे. नाशिकच्या पांडव लेण्यांतील गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या पुत्रास क्षहरात वंशाचा निर्मूलक म्हटले आहे. त्याच लेण्यांत गौतमीपुत्राच्या अठराव्या राज्यवर्षाचा एक लेख असून, पूर्वी उषवदाताकडे असलेली जमीन त्याने भिक्षूंस दिल्याचे त्यात नमूद आहे. उषवदात हा नहपानाचा जामात होय. प्रशस्तीतील शब्द अतिशयोक्तीचे असू शकतात. दानलेखातून एका शेताचे हस्तांतर कळते. परंतु पराभूत राजाच्या हजारो नाण्यांवर विजेत्याचा ठसा बसलेला पाहिल्यावर सत्तांतराविषयी शंका उरत नाही. शिवाय नव्या राजाने ती चांदी वितळवून नवी नाणी पाडली नाहीत, लोकांच्या परिचयाचे नाणेच आपल्या नावाने चालू ठेवले, ही आर्थिक धोरणाची गोष्टही त्यातून कळते.

येथे आणखी एक बोध आहे. साठ्यातील शेकडा तीस नाणी ठसा न मारलेली होती. हे प्रमाण साठा सबंध राहिला व मोजला गेला म्हणूनच समजले. सापडताच कोणी त्यातील स्वच्छ नाणी निवडून बाकीची चांदीच्या भावाने सोनारास दिली असती, तर नहपानाची थोडी सुरेख नाणी संग्रहांत आली असती, आणि त्याच्या वंशाचे काय झाले याचा सर्वांत भक्कम पुरावा मुशीत गेला असता.

आता परीक्षेचा प्रश्न. जुन्या नाण्यावर प्राचीन काळीच मारलेला ठसा आणि आधुनिक काळात मारलेला बनावट ठसा यांत भेद कसा करावयाचा? त्यास तीन खुणा आहेत. पहिली, ठशाचा आघात धातूच्या आरपार जाणवतो. एका बाजूस ठसा खोल बसला असेल तर त्याच जागी दुसऱ्या बाजूचे चित्र चेपून सपाट झालेले असते. दुसरी, झिजेचा क्रम. मूळ चित्र अधिक झिजलेले व वरचा ठसा कमी झिजलेला असावयास हवा. हा क्रम उलटा दिसल्यास ते नाणे संशयास्पद समजावे. तिसरी, थराची अखंडता; मातीत चढलेला काळसर वा करडा थर ठशाच्या खाचेतही तसाच उतरलेला असतो. बाहेर थर आणि खाचेत चकचकीत धातू, हे नव्या हाताचे लक्षण होय.

३. सराफाची खूण व बट्टा

फेरफाराचा दुसरा प्रकार बाजारातला. मोगल व मराठी अमदानीत रुपया हा आपल्या चांदीच्या वजनावर चाले. मोगल रुपयाचे वजन साधारण साडेअकरा ग्रॅमच्या जवळपास असे. परंतु टांकसाळी अनेक, कस निरनिराळे, आणि नाणे जसजसे जुने होई तसतसा त्यावर बट्टा बसे. म्हणून सराफ नाणे वाजवून पाही, कडेस छिन्नीने छेद देऊन आतील धातू तपासी, आणि समाधान झाल्यावर लहानसा छाप मारी. काही रुपयांवर असे आठ-दहा छाप दाटीने मारलेले आढळतात.

आजच्या बाजारात या छापांमुळे किंमत उतरते, आणि देखणेपणाचा विचार केल्यास ते स्वाभाविकही आहे. परंतु सत्यतेच्या परीक्षेत हेच छाप साक्षीदार ठरतात. ज्या नाण्यास त्या काळच्या सराफांनी पुनःपुन्हा पारखून घेतले, ते त्या काळी खरे मानले जात होते, एवढे त्यावरून निश्चित होते. मात्र छाप खरोखर जुना असला पाहिजे. जुन्या छापाच्या व छेदाच्या कडा पुढील हाताळणीने बोथट झालेल्या असतात. बोटाचे नख फिरविले असता अडत नाही. नव्या छेदाची कड धारदार असते व आतला धातू उजळ दिसतो. हल्लीच्या काळात कोणी केवळ शंकेपोटी जुन्या नाण्यास कानस लावली, तर ती सराफी खूण नव्हे. ते निव्वळ नुकसान होय.

४. अलंकार झालेली नाणी

महाराष्ट्रात नाणे हे धन तसेच दागिनाही आहे. रुपयास कडी जोडून गळ्यात घालणे, मोहरेस भोक पाडून गाठ्यात ओवणे, देवाच्या टाकांबरोबर जुने नाणे पूजेस ठेवून त्यावर हळदकुंकवाची पुटे चढविणे, या चालींमुळे असंख्य नाणी बदलली. अशा नाण्याचे नाणकमूल्य घटते. तथापि ते खोटे ठरत नाही. भोकाचा काठ दोऱ्याने घासून एका अंगास गुळगुळीत व किंचित लांबट झाला असेल, तर ते भोक पिढ्यानपिढ्या वापरात होते असे समजावे.

खरी अडचण भोक बुजविल्यावर येते. भोकात चांदीची वा शिशाची गुंडी ठोकून वरून हरवलेले अक्षर कोरले जाते. हे काम साधारण नजरेस दिसत नाही. भिंग घेऊन तिरप्या उजेडात पाहिल्यास गुंडीभोवती केसासारखी वर्तुळाकार रेघ दिसते आणि कोरलेल्या अक्षराचे वळण शेजारच्या अक्षरांशी जुळत नाही. कडी काढून टाकली असल्यास कडेवर डाकाचा निराळ्या रंगाचा ठिपका राहतो व तेवढ्या भागातील काप घासले गेलेले असतात. दुरुस्ती सांगून विकली तर ती दुरुस्तीच. न सांगता विकली तर फसवणूक. नाणे तेच असते, मात्र त्याचे वर्णन खरे की खोटे यावरून व्यवहाराचे स्वरूप बदलते.

याच सदरात पुतळीचा विचार करावयास हवा. पुतळ्यांच्या माळेतील गोल चकत्यांचे मूळ व्हेनिसच्या डुकाट या सुवर्णनाण्यात आहे. सुमारे साडेतीन ग्रॅम वजनाचे व अतिशय शुद्ध सोन्याचे हे नाणे पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारातून आले. त्यावरील उभ्या मानवाकृतींमुळे त्यास 'पुतळी' हे नाव पडले. मूळ नाण्यावर व्हेनिसचा दोजे संत मार्कपुढे गुडघे टेकून आहे, आणि दुसऱ्या बाजूस ताऱ्यांनी वेढलेला ख्रिस्त आहे. आपल्या सोनारांनी हीच चित्रे हुबेहूब उमटविण्याचा प्रयत्न केला. पण लॅटिन लेख त्यांना वाचता येत नसल्याने अक्षरांच्या जागी निरर्थक रेघा आल्या. अशा पुतळीस 'खोटे डुकाट' म्हणणे योग्य नव्हे. ती नाणे म्हणून चालविण्यासाठी घडविलेली नव्हतीच. तो दागिना आहे. फसविण्याचा उद्देश नसताना केलेली अनुकृती आणि फसविण्यासाठी केलेली नक्कल यांतील सीमारेषा परीक्षकाने सतत ध्यानी ठेवली पाहिजे.

५. माती व सफाई

मातीने केलेला बदल कोणाच्या हेतूने होत नाही. पण त्याची माहिती नसल्यास खऱ्याला खोटे व खोट्याला खरे म्हणण्याचा प्रसंग येतो. तांब्याचे नाणे जमिनीत राहिले की त्यावर प्रथम तपकिरी व मग हिरवा थर चढतो. हा थर घट्ट, गुळगुळीत व अक्षरांच्या वळणांत समरस झालेला असल्यास तो नाण्याचे कवच असतो. उलट फिक्कट हिरवी भुकटी सुटत असेल तर ती क्षारजन्य व्याधी होय. नाण्यातील क्लोराइड दमट हवेशी संयोग पावून धातू खात राहते. क्षारयुक्त जमिनीतून आलेल्या तांब्याच्या नाण्यांत हा दोष विशेष संभवतो. अशी नाणी कोरड्या जागी व इतर नाण्यांपासून वेगळी ठेवून तज्ज्ञाकडे द्यावीत. शिशाच्या नाण्यांवर पांढरट थर येतो. चांदीवर करडा वा जांभळट.

बनावट थर सहसा एकरंगी असतो, अक्षरांच्या खोलगट भागात रंगासारखा साचतो, आणि काडीला ओला कापूस गुंडाळून हलकेच पुसल्यास कापसास लागतो. नैसर्गिक थर असा निघत नाही.

येथे एका घरगुती सवयीचा निषेध करणे आवश्यक आहे. जुने नाणे हाती येताच ते चिंच, लिंबू, राख किंवा रांगोळी लावून घासण्याची पद्धत आपल्याकडे आहे. तांब्याची भांडी ज्या न्यायाने लखलखीत होतात, त्याच न्यायाने नाणेही होते. परंतु आम्लाने थर जातो, राखेने अक्षरांच्या कडा जातात, आणि नाण्याचे वय सांगणारी साक्ष मोरीतून वाहून जाते. निजामशाहीच्या तांब्याच्या नाण्यांवर आधीच अक्षरे अपुरी असतात. त्यांपैकी एखादे असे घासले गेले, तर त्यावरील टांकसाळीचे नाव पुन्हा वाचता येत नाही.

६. लोभाने केलेला फेरफार

वर वर्णिलेले चारही प्रकार नाण्याच्या आयुष्याचे भाग आहेत. पाचवा प्रकार तसा नाही. त्यात खरे नाणे घेऊन ते अधिक दुर्मिळ नाण्यासारखे दिसावे म्हणून त्यावर काम केलेले असते. सबंध बनावट नाण्यापेक्षा हा प्रकार ओळखण्यास कठीण. कारण धातू खरा, वजन खरे, ठसाही बव्हंशी खरा असतो. खोटी असतात ती दोन-चार अक्षरे वा एखादा अंक.

परिचयाचे उदाहरण सहाव्या जॉर्जच्या रुपयाचे. १९३९ सालचा रुपया दुर्मिळ व १९३८ चा सुलभ आहे. इंग्रजी आठाच्या अंकातील खालच्या वर्तुळाची डावी बाजू खरवडली की त्याचा नऊ होऊ शकतो. असा रुपया हाती आल्यास शेवटच्या अंकाभोवतीची जमीन पाहावी. टांकसाळीच्या ठशाखाली धातूचा पृष्ठभाग सलग व समान तकाकीचा असतो. खरवडलेल्या जागी तो किंचित खोलगट व समांतर ओरखड्यांचा दिसतो. शेजारच्या तीनच्या अंकाशी जाडी व उंची ताडून पाहिल्यास फरक कळतो.

अहमदनगरच्या मोगल रुपयांबाबत याहून गंभीर प्रश्न उद्भवतो. या रुपयांच्या ठशाचा व्यास नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे लेखाचा काही भाग नाण्याबाहेर राही, आणि तो पुष्कळदा टांकसाळीच्या नावाचाच असे. 'अहमदनगर' व 'अहमदाबाद' या दोन टांकसाळींच्या नावांचा पूर्वार्ध एकच. अहमदाबादेस मोगल काळात रुपये विपुल पडत. अहमदनगरचे त्या मानाने थोडे. ज्या नाण्यावर केवळ 'अहमद' एवढीच अक्षरे आली आहेत, ते नाणे कोणत्या शहराचे हे त्या शब्दावरून सांगता येत नाही. तरी विक्रेता त्यास अधिक दुर्मिळ नाव देण्याचा संभव असतो. ज्यावर उत्तरार्ध अंधुक आहे, त्यावर कोरणीने हात फिरवून नाव बदलणेही अशक्य नाही. फारसी लिपीत 'आबाद' या शब्दात दोन अलिफ म्हणजे दोन उभ्या रेघा येतात. 'नगर' या शब्दात तशी उभी अलिफ नाही, गाफाची तिरकी रेघ आहे. म्हणून संशयित नाण्यावर उभ्या रेघेचे बुंध उरले आहेत काय, हे भिंगाने पाहावे. तसेच अक्षरांच्या मांडणीची तुलना त्याच बादशहाच्या, त्याच वर्षाच्या, निर्विवाद नाण्याशी करावी. प्रत्येक टांकसाळीची मांडणीची रीत असते, व कोरणाऱ्यास एखादे अक्षर बदलता आले तरी सबंध मांडणी बदलता येत नाही.

सनांची परस्परसंगती हीही उत्तम कसोटी आहे. मोगल रुपयावर हिजरी सन व राज्यारोहणापासूनचे वर्ष, म्हणजे जुलूस, अशी दोन वर्षे असतात. औरंगजेबाचे पहिले जुलूस वर्ष हिजरी १०६८ पासून धरतात. म्हणजे त्रेचाळिसावे वर्ष हिजरी १११० व ११११ यांतच पडले पाहिजे. एखाद्या नाण्यावर जुलूस ४३ व हिजरी १०९५ अशी जोडी दिसली, तर एक अंक चुकीचा वाचला आहे, अथवा बदलला आहे, अथवा दोन निराळ्या वर्षांचे ठसे टांकसाळीत एकत्र वापरले गेले आहेत. तिसरा पर्याय एखाद्या वर्षाच्या अंतरात संभवतो. पंधरा वर्षांच्या अंतरात तो सहसा संभवत नाही.

आता या फेरफाराने बिघडते ते काय? निजामशाहीची ज्ञात नाणी मुख्यत्वे तांब्याची असून त्यांवर अहमदनगर, बुऱ्हानाबाद अशी स्थळनावे येतात. १६०० नंतर मलिक अंबरच्या कारभारात गादीवर बसविलेल्या सुलतानांच्या सत्तेचा विस्तार जाणण्यास ही नाणी उपयोगी पडतात. कारण कोणाच्या नावे, कोठे व केव्हा नाणे पडले, हे त्या काळच्या तवारिखांहून स्वतंत्रपणे ती सांगतात. अशा तुटपुंज्या सामग्रीत एका कोरीव अक्षराने एखादी न घडलेली टांकसाळ निर्माण होऊ शकते. ते नाणे एका संग्रहातून दुसऱ्यात जाते, त्याचे छायाचित्र सूचीत येते, सूचीवरून ते ग्रंथात उतरते, आणि एखाद्या सुलतानाची सत्ता जेथे कधी पोहोचलीच नाही तेथे ती पोहोचली असे विद्यार्थी शिकतात. संग्राहकाची फसवणूक पैशापुरती असते व भरून येऊ शकते. इतिहासात शिरलेले खोटे काढून टाकण्यास पिढी लागते.

शिवराईचेही असेच. 'श्री राजा शिव छत्रपति' हा लेख असलेली तांब्याची शिवराई शिवाजी महाराजांनंतरही दीर्घकाळ, एकोणिसाव्या शतकापर्यंत पडत राहिली. तिचे असंख्य प्रकार आहेत. लेखाच्या ओळींमध्ये दोन रेघा असलेली दुदांडी शिवराई उत्तरकालीन आहे. म्हणून लेखात महाराजांचे नाव आहे एवढ्यावरून नाणे त्यांच्या हयातीतले ठरत नाही. सोन्याचा शिवकालीन होन तर फारच विरळा असल्याने, त्याच्या नावाने पुढे येणाऱ्या प्रत्येक नाण्याकडे प्रथम संशयाने पाहणेच श्रेयस्कर.

७. परीक्षेचा क्रम

वरील विवेचनावरून परीक्षेचा एक क्रम सुचविता येतो. प्रथम प्राप्तिस्थान विचारावे. नेवाशाच्या उत्खननात मिळालेल्या नाण्याचा थर माहीत असतो; त्याच्या सोबतची खापरे व मणी त्याची साक्ष देतात. बाजारात आलेल्या तशाच नाण्याकडे ही साक्ष नसते, आणि कितीही सुस्थितीत असले तरी ही उणीव भरून येत नाही.

दुसरी पायरी वजन व माप. तिसरी, कडेची पाहणी. साच्यात ओतून केलेल्या नकलेच्या कडेस सांध्याची रेघ वा ती घासल्याची खूण असते, पृष्ठभागावर सूक्ष्म बुडबुड्यांचे खळगे असतात व अक्षरांच्या कडा मऊ दिसतात. दोन नाण्यांवर झीज, ओरखडे व तडे नेमके त्याच जागी असतील तर निदान एक नक्कल आहे. कारण ठसा एक असू शकतो, पण झीज एक असू शकत नाही.

चौथी पायरी विशिष्ट गुरुत्वाची. यास फक्त अचूक तराजू, दोरा व पाण्याचे भांडे पुरते. कंपनी सरकारच्या काळापासून १९३९ पर्यंतच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम व चांदी शेकडा ९१.७ होती. अशा मिश्रधातूचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १०.३ येते, म्हणून खरा रुपया पाण्यात टांगला असता त्याचे वजन सुमारे १०.५३ ग्रॅम भरेल. तेवढ्याच वजनाच्या तांब्यास चांदीचा मुलामा दिला असेल, तर तांबे हलके असल्याने ते अधिक जागा व्यापील व पाण्यातील वजन सुमारे १०.३६ ग्रॅम येईल. ही कसोटी नाण्यास इजा करीत नाही. मात्र पुष्कळ झिजलेल्या वा गंजलेल्या नाण्यास ती आंधळेपणाने लावू नये.

आता प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या साह्याने नाणे न कापता धातू ओळखता येतो. ही सोय मोठी आहे. परंतु हे किरण पृष्ठभागाचेच वृत्त सांगतात. मातीत राहिलेल्या चांदीच्या नाण्यातील तांबे पृष्ठभागातून झिरपून जाते व वरचा थर आतल्यापेक्षा शुद्ध भासतो. यंत्राने दिलेला आकडाही डोळ्यांनी व तराजूने दिलेल्या साक्षीशी ताडूनच स्वीकारावयाचा असतो.

शेवटची पायरी लेखाची : अक्षरवळण, मांडणी, सनांची संगती. ही अखेरीस ठेवण्याचे कारण असे की, आकर्षक लेख प्रथम वाचला की परीक्षकाचे मन त्यास अनुकूल होते, आणि मग वजनातील उणीवही त्यास समजून घ्यावीशी वाटते.

८. मूल्य

नाण्याचे मूल्य तिहेरी असते : धातूचे, बाजाराचे व पुराव्याचे. धातूचे मूल्य वजनावरून ठरते. बाजाराचे मूल्य दुर्मिळता, स्थिती व मागणी यांवर चालते. भोक, डाक, ओरखडा, घासणे यांनी ते उतरते. पुराव्याचे मूल्य मात्र नाणे काय सांगते यावर अवलंबून आहे, आणि येथे क्षती आपोआप उणी ठरत नाही. पुनर्मुद्रित नहपान, सराफी छापांनी भरलेला रुपया, दोऱ्याने झिजलेल्या भोकाची मोहर, ही सर्व आपल्यावर काय गुदरले ते सांगतात. कोरणीने सुधारलेले नाणे मात्र काहीच सांगत नाही. उलट ते स्वतःविषयी खोटी साक्ष देते. म्हणून क्षत नाणे स्वीकारावे, क्षतीचे स्पष्ट वर्णन करावे आणि 'सुधारलेले' नाणे टाकावे, हा नियम संग्राहक व अभ्यासक या दोघांसही हितकर आहे.

कायद्याची बाजूही ध्यानी घ्यावी. १८७८ च्या निधीविषयक कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या निधीची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. त्याच कायद्याने निधी सापडणाऱ्याचा व जमीनमालकाचा हक्कही मान्य केला आहे. खबर देणाऱ्याचे सर्वस्व जाते, हा गैरसमज होय. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते व खासगी व्यक्तीस ते परदेशी पाठविता येत नाही. परीक्षेसाठी दूर जाण्याचेही कारण नाही. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० साली स्थापन झालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्यूमिस्मॅटिक स्टडीज ही संस्था याच विषयास वाहिलेली आहे.

नांगराच्या फाळास लागलेले गाडगे प्रथम शेतकऱ्याच्या हाती येते, अभ्यासकाच्या नव्हे. तो ते सबंध ठेवतो की वाटून टाकतो, जसेच्या तसे दाखवितो की घासून उजळ करतो, यावर त्या नाण्यांचे ऐतिहासिक मोल बहुतांशी ठरून जाते. म्हणून नाणी घासू नयेत, निवडू नयेत, वितळवू नयेत. संख्या मोजावी, जागा लिहून ठेवावी आणि खबर द्यावी. जिल्ह्यातील शाळा व महाविद्यालये यांनी एवढ्या साध्या सूचना गावोगाव पोहोचविल्या, तर जोगलटेंभीसारखा एखादा पुढचा साठा अभ्यासासाठी सबंध हाती येण्याची आशा बाळगता येईल.